तक्त्यांचा पावसाळा

जून लागला की आमच्या सावर्ड्याच्या बाजारात छत्र्या, ताडपत्र्या आणि बियाण्यांच्या पिशव्यांबरोबर कार्डशीटचे गठ्ठेही येऊन पडतात. माझ्या दिराचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी तो जेवायला गेला की गल्ल्यावर मी बसते. शाळा उघडायच्या सुमाराला बाया येतात, कुणी नुकतीच नोकरीला लागलेली, कुणी बदली होऊन आलेली. "पहिली-दुसरीसाठी तक्ते दाखवा ना," म्हणतात. मी काढून दाखवते. हल्ली सगळे छापील, गुळगुळीत, ओल्या फडक्यानं पुसता येतील असे. ऋतूंच्या तक्त्यात पावसाळा असतो. त्यातले थेंब निळे, एका मापाचे, आणि खाली पिवळा रेनकोट घातलेला गोरा गुबगुबीत मुलगा दात दाखवून हसत असतो. आमच्याकडच्या पावसात असं हसत उभं राहिलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. आमच्याकडचं मूल पावसात मान खाली घालून, दप्तर पोटाशी धरून पळत असतं.

बाया तक्ते उलटसुलट करून बघतात, घेतात आणि जातात. मी उरलेले गुंडाळून ठेवते, आणि तेवढ्यात तो एक पावसाळा माझ्या मानगुटीवर येऊन बसतो. फार जुना नाही. पण दर वर्षी येतो, कार्डशीटच्या वासाबरोबर.

मी डी.एड. झाले तेव्हा माझं लग्नसुद्धा व्हायचं होतं. भरती निघेल, निघेल म्हणता म्हणता लग्न झालं, मुलगा झाला, मुलगा कॉलेजात गेला आणि भरतीचं वय माझ्या अंगावरून निघून गेलं. माझ्याबरोबरच्या काहीजणी मुख्याध्यापिका झाल्या. मी आंबोशी, कोकम आणि लोकांच्या मुलांच्या शिकवण्या यांत गुंतले. मग एका वर्षी कळलं, कमी मुलांच्या शाळांवर मानधनावर शिक्षक घेताहेत, वयाचं फार बघत नाहीत. मी अर्ज केला आणि मला शाळा मिळाली. अलोऱ्याच्या वरच्या अंगाला, पोफळीच्या दिशेनं डोंगरात शिरल्यावर एक वाडी आहे, तिथली. नाव सांगत नाही, वाडीतल्या माणसांना आवडायचं नाही.

सावर्ड्याहून चिपळूण, चिपळुणाहून अलोरे अशा दोन एस्ट्या, आणि पुढे चढण. सासूबाई म्हणाल्या, "म्हातारपणी उंडगायला लागलीस." तेव्हा मी चाळिशीचीही नव्हते.

शाळा म्हणजे दोन खोल्या. आधीचे गुरुजी निवृत्त झाले होते आणि जाताना भिंतीवरचं सगळं काढून घेऊन गेले होते, घड्याळसुद्धा. उरले होते खिळे आणि खिळ्यांखाली गंजाचे ओघळ. खालच्या हातभर भिंतीला ओल चढून हिरवट लव आली होती. पहिल्या दिवशी मुलं मांडी घालून ओळीत बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. त्यांना बघायला दुसरं काही नव्हतंच. लहान मुलांच्या नजरेत दयामाया नसते. ती सगळं बघतात: साडीची उसवलेली शिवण, चपलेचा बदललेला अंगठा. मी त्या नजरांना दुसरं काहीतरी देण्यासाठी तक्ते करायला बसले, हे खरं कारण. शिक्षणशास्त्र नंतर आलं.

घरी संध्याकाळी, सासूबाईंची मालिका लागली की मी माजघरात कार्डशीट पसरायची. खळ घरची, तांदळाच्या पिठाची, त्यात किडीसाठी तुरटी. कापडाच्या पट्ट्या कडेनं चिकटवायच्या, म्हणजे कागद दुमडत नाही. अक्षरं मी आधी पेन्सिलीनं आखून मग ब्रशनं भरायची. स्केचपेनाचं काम मला कधी आवडलं नाही. त्याच्या रेघा दिसतात, आणि दमट हवेत तो रंग फुटून पसरतो. पोस्टर कलर दाट लावला तर वाळल्यावर पोपडे धरतो. पातळ लावला तर कागद ओला होऊन फुगतो. मधलं प्रमाण हाताला यायला आषाढ अर्धा गेला. आषाढात काही वाळत नाही. धुणं वाळत नाही, लाकडं वाळत नाहीत, मग कागद कुठला वाळायला? मी तक्ते चुलीच्या वरच्या दांडीला कपड्यांच्या चिमट्यांनी टांगायची. फणसाच्या चित्राला धुराचा वास, खेकड्याला माशांच्या कालवणाचा.

"सरकारच्या भिंतीला नटवून तुला काय मिळणार?" सासूबाई विचारायच्या. "आपल्या घराची भिंत बघ कशी झाल्ये." पण खळ ढवळायला त्याच बसायच्या, कारण माझी गुठळ्या धरायची.

तक्ते पावसातून न्यायचे कसे हा प्रश्न होता. आमच्या ह्यांनी, ते मुंबईला फिटर आहेत, न्हाणीघराचं काम केलं होतं तेव्हाचा जाडा पांढरा पाइप परसात पडला होता. त्याचा हातभर लांबीचा तुकडा कापून घेतला, दोन्ही तोंडांना झाकणं बसवली आणि सुतळीनं खांद्याला अडकवला. एस्टीत कंडक्टर विचारायचा, "बाई, आज काय बाजूका काय?" म्हणजे बाझूका, ती खांद्यावरची तोफ, म्हणायचं असावं त्याला. मी म्हणायची, "नाही हो, आज ळ आहे."

त्या पाइपमधून एकेक करून सगळं डोंगरावर गेलं. मुळाक्षरं पुस्तकातली मी घेतली नाहीत. पुस्तकात ऐ ऐरणीचा होता आणि त्या मुलांनी ऐरण बघितलेली नव्हती. खरं तर मीही बघितलेली नव्हती. आम्ही वर्गात बसून ठरवलं. क कुर्लीचा, कुर्ली म्हणजे खेकडा. फ फणसाचा. त तवशाचा. तवसं म्हणजे ती आमच्याकडची जाडी, पावसाळी काकडी. प पऱ्याचा, पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा, जो शाळेच्या मागूनच वाहायचा आणि आषाढात इतका गरजायचा की कवितेच्या ओळी ओरडून म्हणाव्या लागायच्या. ठ वर आम्ही फार दिवस अडलो. शेवटी प्रथमेश नावाचा दुसरीतला एक वांड मुलगा म्हणाला, "ठ ठेच." आणि त्यानं अंगठा दाखवला. नख निघालेलं होतं. मी तो अंगठा तस्साच काढला, लालभडक. मुलं त्या तक्त्यासमोर खूश होऊन उभी राहायची. दुसऱ्याची जखम बघण्यात पोरांना काय सुख असतं!

आणि हवामानाचा तक्ता होता. पुठ्ठ्याची गोल तबकडी, तिच्यावर ऊन, ढग, वारा, पाऊस आणि मधे फिरणारा बाण. रोज सकाळी एकानं उठून बाण फिरवायचा. जुलैभर बाण पावसावर. एका मुलाला वैताग आला, त्यानं बाण उन्हावर नेऊन ठेवला आणि बाहेर धो धो. बाकीची मुलं त्याच्यावर तुटून पडली. "खोटारडा! खोटारडा!" तो मुलगा हट्टानं तबकडीला पाठ लावून उभा राहिला आणि हलला नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी त्याला तसंच उभं राहू दिलं. त्या दिवशी शाळेत ऊन होतं.

आता ज्या मुलीसाठी हे सगळं सांगायचं, तिच्याकडे येते. श्रावणी तिचं नाव. पहिलीत होती. अंगानं काटकुळी, केस कातरलेले, उवांमुळे. ती शाळेत बोलायची नाही. मुकी नव्हती, वाडीत लहान असताना बोलायची म्हणे. तिची आई आदल्या वर्षी मुंबईला गेली आणि तिथून कुठे गेली ते कुणी सांगत नव्हतं, म्हणजे सगळे सांगत होते, पण वेगवेगळं. बाप मुंबईला कुठल्याशा इमारतीवर वॉचमन. मुलगी काका-काकींकडे. काकी तिला पहिल्या दिवशी सोडायला आली तेव्हा तिच्या देखत मला म्हणाली, "बाई, हिला मारलात तरी चालल. ही रडत नाय." म्हशीचा गुण सांगावा तसं.

काकी वाईट बाई नव्हती. पहाटेपासून रानात, गोठ्यात, चुलीशी राबायची. तिच्याजवळ तिच्या मुलांपुरतं होतं आणि त्यात एक जास्तीचं ताट आलं होतं. ती ते ताट वाढायची. वाढताना काय बोलायची तेवढंच तिच्या हातात नव्हतं.

मुलांनी श्रावणीला 'बंद रेडिओ' नाव ठेवलं होतं. मधल्या सुट्टीत तिचे कान पिळायची, "लाग, लाग, लाग." मी ओरडले की थांबायची आणि माझी पाठ वळली की परत. मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, तेव्हा प्रथमेश मनापासून म्हणाला, "बाई, तिना दुखत नाय. बगा." आणि माझ्यासमोर त्यानं पुन्हा कान पिळून दाखवला. खरंच, तिनं चेहरासुद्धा हलवला नाही.

त्या आठवड्यात मी चेहऱ्यांचा तक्ता केला. चार मोठे चेहरे: हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. वर लिहिलं, 'आज मला कसं वाटतंय?' टिकल्यांची पाकिटं नेली. रोज आल्यावर प्रत्येकानं एक टिकली आपल्या चेहऱ्याखाली चिकटवायची, बोलायचं काही नाही. मुलं झुंडीनं हसऱ्याकडे जायची, कारण पहिला गेलेला तिकडे गेलेला असायचा. श्रावणी सगळ्यांत शेवटी उठायची. तिनं टिकली रागावलेल्या चेहऱ्याखाली लावली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. श्रावण आला, डोंगर पोपटाच्या पिसासारखा हिरवा झाला, वर्गाच्या दारातून फुलपाखरं आत यायला लागली, मुलं खिडकीतून पऱ्यावर इंद्रधनुष्य दाखवायची. आणि ती बारीक, कातरलेल्या केसांची मुलगी रोज उठून रागाखाली टिकली चिकटवायची. रडक्याखाली कधी नाही. घाबरलेल्याखाली कधी नाही. एके दिवशी तिथे जागाच उरली नाही, तर तिनं सरळ त्या चेहऱ्याच्या डोळ्यावर लावली.

मला ते आवडलं, हे कबूल करायला हरकत नाही. दुःखी मूल सगळ्यांना चालतं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवता येतो. चिडलेलं मूल कुणालाच नको असतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. फक्त टिकल्या संपणार नाहीत एवढं बघितलं.

गणपतीला वाडी भरली. मुंबईकर आले. जीन्स, कुलिंग ग्लास, मोठमोठ्यानं बोलणं, आणि एकदोन दिवसांत गावचं पाणी बाधून पोटं बिघडणं. शाळेला सुट्टी होती, पण गणपती जायच्या आधी वाडीतल्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी शाळेची खोली उघडून द्यायला मी गेले होते. पालक आत येऊन तक्ते बघायला लागले. काहींनी मोबाइलवर फोटो घेतले. मला बरं वाटत होतं. मग श्रावणीचा बाप आला. उंच, देखणा माणूस, पायांत नवे बूट. त्यानं मुलीला खांद्याला धरून तक्त्यांसमोर आणलं.

"बाई, ह्ये तुमी काढलाव?"

"हो."

"क कुर्लीचा?" तो हसला आणि मागे वळून बाकीच्यांना म्हणाला, "आमच्या मुंबैला पोरां कम्प्युटरवर शिकतात आन् हितं कुर्ल्या पकडायला शिकवतात." सगळे हसले. मीही थोडी हसले, तसं हसावंच लागतं. मग त्यानं मुलीची हनुवटी वर केली. "वाच. ह्ये काय लिवलंय? वाच ना. बापूस आलाय तुजा, वाचून दाकव."

ती तक्त्याकडे बघत राहिली.

"वाच म्हनतो ना!"

मी म्हटलं, "वाचेल ती हळूहळू. तिला ओळखतात अक्षरं." वाक्य घाईघाईत उलटं निघालं, आणि परत कुणीतरी हसलं. त्यानं तिची हनुवटी सोडली, बोटं रुमालाला पुसली.

"मुकी म्हनून सोडून द्या, बाई. हिची आयस दोगींच्या वाटनीचा बोलून गेली."

हशा पिकला. काकीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. आरतीसाठी झांजा वाजायला लागल्या आणि सगळे बाहेर गेले. श्रावणी तिथेच होती. मी तिच्याकडे टिकल्यांचं पाकीट धरलं. तिनं घेतलं नाही. त्या दिवशी तिनं कुठेच टिकली लावली नाही.

गौरी-गणपती गेले, मुंबईकर गेले, वाडी पुन्हा बायका, म्हातारे आणि पोरांची झाली. भाताला लोंब्या धरायला लागल्या. अशाच एका सकाळी मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते. मागे प्रथमेश कुर्लीच्या तक्त्याची खालची पट्टी ओढून नखानं खळ कोरून खात होता. पोरांना ती खळ आवडायची, तांदळाचीच तर होती. आणि माझ्या पाठीमागून एक आवाज आला, जाडा, घोगरा, एखाद्या बाईमाणसाचा असावा तसा.

"मेल्या, सोड! मुडदा बशीवला तुजा, सोड तो!"

मी वळले. श्रावणी उभी होती. मुलं आ वासून बघत होती. प्रथमेशच्या हातून पट्टी सुटली. तिनं काकीचा आवाज, काकीची शिवी, काकीचा कमरेवरचा हात, सगळं जसंच्या तसं उचललं होतं. एवढे महिने तिच्यावर जे पडलं होतं तेच तिच्या तोंडून बाहेर आलं. मग वर्ग फुटला. मुलं हसून हसून लोळली. "रेडिओ लागला! रेडिओ लागला!" आणि ती हसली नाही, लाजली नाही, तशीच कमरेवर हात ठेवून प्रत्येकाला वेगळी शिवी देत सुटली. मी तिला थांबवायला हवं होतं. मी खडू खाली ठेवला आणि ऐकत बसले.

त्यानंतर ती थांबलीच नाही. माझी पट्टी घेऊन तक्त्यांपुढे उभी राहायची आणि बाई व्हायची. "ह्यो काय? बोला! त, तवसा! मोठ्यान बोला, पोटात पऱ्या वाजतो का?" हे माझं वाक्य. मी असं बोलते हे मला तेव्हा कळलं. वाचायला ती भराभर शिकली, जणू सगळं आत साठवूनच ठेवलं होतं. मुलांवर तिचा दरारा बसला. ज्यांनी तिचे कान पिळले होते त्यांचे कान ती आता मोजून पिळायची. मी तेही पाहिलं. मुकं मूल बोलायला लागलं की ते गोडच बोलेल असं आपल्याला उगीच वाटतं.

दिवाळीची सुट्टी लागली. मी त्या सुट्टीत नवे तक्ते केले: भाताच्या कापणीचा, गुणाकाराचा, गावापासून समुद्रापर्यंत नदी कशी जाते त्याचा. पाइपमध्ये भरून ठेवले. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी केंद्रप्रमुखांचा फोन आला. मी परसात कोळंबी सोलत होते. हात खरकटे म्हणून सासूबाईंनी फोन माझ्या कानाला धरला.

"बाई, उद्यापासून येऊ नका. कायम शिक्षक मिळालेत त्या शाळेला. उद्या हजर होतायत."

"बरं," मी म्हटलं.

"काम चांगलं केलंत हो तुम्ही. सगळे सांगतात."

"बरं."

सासूबाईंनी फोन बाजूला घेतला. "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातलं कोळंबीचं ताट ओढून घेतलं, उरलेली स्वतः सोलली आणि म्हणाल्या, "मी सांगत होते." त्या दिवशी त्यांनी मालिका लावली नाही.

माझे जास्तीचे रंग, ब्रश, डबा आणि छत्री शाळेत होती. थोडे दिवस मी जायचं टाळलं. मग थंडीचं ऊन पडायला लागलं, आणि एका सकाळी दोन एस्ट्या करून मी चढण चढले. चढताना मनात एक चित्र होतं, ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला वाटत होतं, मी दारात जाईन आणि मुलं गप्प होतील. एखादी रडेल. नवे सर उठून उभे राहतील. श्रावणी पट्टी घेऊन तक्त्यापुढे उभी असेल.

शाळेच्या खाली पऱ्याशी पोचले तर वरून आरडाओरडा ऐकू आला. मधली सुट्टी असेल असं वाटलं. जवळ गेल्यावर मुलांच्या आवाजात दुसराच एक आवाज ऐकू यायला लागला. जाड कागद फाटताना होतो तो, टर्र, टर्र.

मी दारात उभी राहिले. दुसऱ्या खोलीतली बाकं आणून भिंतीला लावलेली होती आणि मुलं बाकांवर चढली होती. भिंतीवरचा हरेक तक्ता फाडला जात होता. हात पोचत होता तिथून धरून मुलं खाली ओढायची, लोंबकळायची, कागद फाटला की त्याच्यासकट जमिनीवर पडायची आणि हसायची. कापडाची पट्टी फाटायची नाही तिथे दात लावायची. खेकड्याचे पाय वेगळे, धड वेगळं. एकानं ठेचेचा अंगठा कपाळाला चिकटवला होता. दुसऱ्यानं हवामानाची तबकडी चाकासारखी गडगडत दारापर्यंत आणली, माझ्या पायाला लागून ती पडली, आणि तेव्हा त्यांनी मला पाहिलं.

"बाई आल्या! बाई आल्या!"

धावत आली. माझ्या कमरेला, हातांना, पदराला लोंबकळली. अगदी मनापासून. काहींच्या मुठीत अजून रंगीत तुकडे होते, ते माझ्या साडीला चिकटले. आणि मग, मला भेटून झालं म्हणून, परत धावत गेली आणि उरलेलं फाडायला लागली.

श्रावणी सगळ्यांत उंच बाकावर होती. सगळ्यांत जास्त आवाज तिचाच. "तो नको काढू, तो माजा हाय! मेल्या, हो बाजूला!" तिनं चेहऱ्यांच्या तक्त्याला दोन्ही हातांनी वरून धरलं आणि एका ओढीत मधोमध चिरत खाली आणलं. हसरा एकीकडे, रागीट एकीकडे. टिकल्या जमिनीवर पसरल्या. ती माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

"बाई, बगा! अख्खा! मी एकटीन!"

"बघितला," मी म्हटलं.

नवे सर टेबलाशी होते. तरुण पोरगा, घाटावरचा, बहुधा सोलापूरकडचा. लगबगीनं उठला. "या की मॅडम, बसा. तुमचंच सामान काढून ठेवलंय बघा." खरंच, माझे रंग, ब्रश, डबा, छत्री नीट एका पिशवीत भरून ठेवलेलं होतं. "भिंती रंगवायच्यात. पेंटर यायलाय उद्या-परवाला. जिराफ, रेल्वे, फळं, असं सगळं. म्हणून म्हटलं पोरांच्याच हातनं काढून घ्यावं. त्यांना पण मजा. जो जास्त काढंल त्याला चॉकलेट म्हटलं."

मी साडीला चिकटलेला एक तुकडा सोडवून घेतला. त्याच्या लक्षात आलं. चेहरा उतरला त्याचा. "मॅडम, तुम्हाला न्यायचे होते का? सांगायचं की एक फोन करून. ओलीनं खराब झालेत म्हणून मी... बुरशी आली होती ओ."

बुरशी आली होती, ते खरं होतं. खालच्या कडा काळ्या पडल्या होत्या. कसर लागली होती. पुढच्या पावसाळ्यात ते राहिले नसते, मीच काढून नवे केले असते. हे सगळं मला ठाऊक होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. त्यानं थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला. मी घेतला. चहा पिताना मुलांकडे बघत होते. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, प्रेम कमी झालेलं नव्हतं, आठवण येत नव्हती असंही नाही. फाडायला मिळालं होतं, एवढंच. त्यांना आयुष्यात एवढा मोठा, रंगीत, जाड कागद फाडायला कुणी दिला नव्हता. मोठी माणसं दुष्टपणा करतात तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं. जागा नसते, पैसा नसतो, वरून हुकूम असतो. त्यांना दोष देता येतो. मुलांना कारणच नव्हतं. त्यांच्यावर रागवायला मला कुठे पकडच सापडेना.

हेही मनात आलं, की एवढे महिने मी ज्या तक्त्यांना 'हात लावू नका, घाण होतील' म्हणत आले, ते त्यांना आज पहिल्यांदा पुरते हातात मिळाले होते.

सरांनी सगळा कचरा मागच्या खड्ड्यात टाकायला सांगितला. मुलं कवेत भरभरून घेऊन गेली. मी पिशवी घेतली, "येते" म्हटलं, कुणाचं लक्ष नव्हतं. चढण उतरायला लागले. ऊन चांगलं होतं, कापणी झालेल्या खाचरांत पेंढ्या वाळत होत्या, पऱ्याचं पाणी बारीक झालं होतं. अर्ध्या वाटेवर मागून धावत येणारी पावलं ऐकू आली.

श्रावणी होती. धापा टाकत. गाल चॉकलेटनं भरलेला, हाताला पोस्टर कलरचा निळा. माझ्या वाटेत येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी विचारेल. तुम्ही का जाताय, परत कधी येणार. मी उत्तरं जुळवायला लागले.

"बाई," ती म्हणाली, "त्या दुसऱ्या खोलीतलं तक्तं अजून काढायचं हाईत. उद्या काढनार हाव. मोठमोठालं. तुमी पन या."

तिला खरंच वाटत होतं की एवढी मजा माझ्यावाचून व्हायला नको. तेवढ्यासाठी ती उन्हातून पळत आली होती.

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मला जमणार नाही गं उद्या," मी म्हटलं. "तू माझ्या वाटणीचे फाड."

"बरं," ती म्हणाली. वळली आणि चढण पळत वर गेली. जाता जाता तिथूनच तिनं आरोळी ठोकली, "आरं ए, बाईंच्या वाटनीचं पन मीच फाडनार!"

दुसऱ्या दिवशी तिनं ते फाडले असणार. एकदा सांगितलेलं काम ती कधी विसरायची नाही.